दोन टप्प्यांचा चेंडू

मुहाब काका गोड बोलायला लागले की इंजी सावध व्हायची. आज तर त्यांनी कहरच केला. स्वतःच्या हाताने भात भरलेल्या द्राक्षपानांच्या गुंडाळ्या तिच्या ताटात रचल्या, वर लिंबू पिळलं आणि म्हणाले, "खा गं राणी, संध्याकाळी ताकद लागेल."

शेजारी त्यांची स्वतःची मुलगी लमीस रिकामं ताट घेऊन बसली होती. तिला कोणी वाढत नव्हतं. सामन्याआधी लमीस जेवत नाही, ती 'एकाग्र' होते, असं घरात ठरूनच गेलं होतं.

शुक्रवारची नमाज आटोपून अख्खं खानदान क्लबच्या गच्चीवर जमलं होतं. तेच कोपऱ्यातलं टेबल, त्याच डुगडुगणाऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या. फक्त आज सगळ्या काचा लावून घेतल्या होत्या, कारण बाहेर 'झाडूवाली' आली होती. अलेक्झांड्रियात हिवाळ्याच्या प्रत्येक वादळाला नाव आहे आणि नोव्हेंबरच्या या बयेला झाडूवाली म्हणतात, ती रस्ते झाडून नेते म्हणून. समुद्र धक्क्यावरून उड्या मारत रस्त्यावर येत होता. खालच्या एका टॅक्सीला त्याने नुकतीच आंघोळ घातली होती आणि ड्रायव्हर खिडकीतून हात काढून समुद्रालाच शिव्या देत होता. एरवी इंजी हसून हसून खुर्चीवरून पडली असती. आज नाही पडली.

"लमीस, जा बाळा, पाय मोकळे करून ये," काका म्हणाले.

"मोकळेच आहेत, बाबा."

"अजून मोकळे कर."

लमीस उठली. जाताना तिने इंजीकडे पाहिलं, मग इंजीच्या ताटातल्या त्या गुंडाळ्यांच्या डोंगराकडे पाहिलं आणि जिन्याकडे गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत टेबलावर कोणी घाससुद्धा चावला नाही. इंजीला कळलं, आता येणार.

"हे बघ इंजी, तुला आत्ताशी पंधरावं लागलंय," काकांनी सुरुवात केली. "सतरा वर्षांखालच्या गटात तुझी अजून दोन वर्षं आहेत. लमीसचं हे शेवटचं."

"हो काका."

"आणि स्क्वॉशच्या ज्युनियर संघात एकच जागा उरलीय. आज जी जिंकेल तिची."

"माहितीये काका."

"मग झालं तर."

"काय झालं?"

नाहेद आत्या सूर्यफुलाच्या बिया फोडत होती. तिचं फोडणं थांबलं.

"मी काय 'हर' असं म्हणतोय का?" काकांनी दोन्ही कानांना हात लावले. "तोबा तोबा! मी कधी म्हटलं? मी एवढंच म्हणतोय, जिंकायची एवढी घाई कशाला?"

"घाई?" इंजीची आई, रिहाम, इतका वेळ गप्प होती हेच नवल होतं. "भावजी, ही पोर पाच वर्षांची असल्यापासून रॅकेट उशाशी घेऊन झोपते. नऊ वर्षांनी फायनलला आलीये. याला तुम्ही घाई म्हणता?"

"रिहाम, आपण घरातलं बोलतोय."

"घरातलंच बोलतेय मी. माझ्या घरातलं."

"बरोबर आहे वहिनीचं," नाहेद आत्या म्हणाली. "पोरीला असलं सांगायचं म्हणजे काय? खेळ आहे, जी खेळेल ती जिंकेल." मग तिला काहीतरी आठवलं आणि तिचा चेहरा मेणासारखा वितळला. "पण लमीसचंही... आई तिकडे कैरोत, इथे पोर एकटी. तिच्या नशिबात काहीतरी यायला नको का?" दोन बिया फोडल्या. "पण इंजीनेही किती कष्ट केलेत." आणखी एक बी. "अल्लालाच ठाऊक बाई."

आत्याला न्यायाधीश केलं असतं तर दोन्ही पक्ष म्हातारे झाले असते.

टेबलाच्या टोकाला फिक्री आजोबा टाय लावून मासे खात होते. या घरातला पहिला विजेता तेच. कानातलं यंत्र ते जेवताना काढून ठेवत, म्हणजे शांतपणे जेवता येतं. आता त्यांनी मान वर केली. "कोण हरणार आहे?"

"कोणी नाही बाबा, तुम्ही जेवा," काका ओरडले.

"फायनल आहे ना? मग कोणाला तरी हरावं लागेल," आजोबा म्हणाले आणि पुन्हा माशाचे काटे काढू लागले.

इंजी बाबांकडे बघत होती. ती केव्हापासून त्यांच्याकडेच बघत होती. वगदी संत्रं सोलत होते, अगदी हळू, साल तुटू न देता, जणू त्या सालीवर कोणाचा तरी जीव लटकलाय. ते तिचे बाबा होते, तिचे कोच होते आणि लमीसचेही कोच होते. गुडघा गेल्यावर ते वर्षभर घरात बसून होते, तेव्हा क्लबच्या समितीत शब्द टाकून त्यांना इथे कोणी आणलं, हे टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. मुहाब काकांनी ते आजवर एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं.

"बाबा?"

साल तुटली.

"आज..." वगदींनी घसा साफ केला. "आज ते पुढच्या कोपऱ्यात हळूच टाकायचे चेंडू जरा कमी ठेव. मागे लांब खेळ."

इंजीला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. पुढच्या कोपऱ्यात, भिंतीला नुसता स्पर्श करून मरून पडणारा तो चेंडू, तोच तर तिचा खेळ होता! तो बाबांनीच तिला शिकवला होता. दोन उन्हाळे, दुपारी, क्लब रिकामा असताना. तो काढून घेतला तर तिच्या हातात रॅकेट नाही, झारा उरतो.

"वगदी!" आई म्हणाली. फक्त नाव. पण त्या एका नावात इतकं काही होतं की वेटर चहाचा ट्रे घेऊन अर्ध्या वाटेतून परत फिरला.

सगळे इंजीकडे बघू लागले. तिला म्हणायचं होतं, नाही. तिला म्हणायचं होतं, तुम्ही सगळे मोठे आहात ना, मग हे माझ्या डोक्यावर का ठेवता? पण बाबांच्या हातात ते अर्धवट सोललेलं संत्रं होतं आणि त्यांची मान वर येत नव्हती.

"बरं काका," ती म्हणाली.

काकांनी उठून तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. "शब्द दिलास हं, माझी लाडकी!"

आई खुर्ची मागे ढकलून उठली आणि काचेपाशी जाऊन समुद्राकडे पाठमोरी उभी राहिली. नव्हे, समुद्राकडे तोंड करून. पाठ तिने घरच्यांकडे केली होती.

*

लमीस कुठे असेल हे इंजीला शोधावं लागलं नाही. मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीत, शेवटच्या संडासाचं दार अर्धं उघडं होतं. आतून ओकारीचा आवाज येत होता. इंजीने रॅकेटची पिशवी खाली टाकली, आत जाऊन लमीसचे केस मागे धरले आणि दुसऱ्या हाताने पाठ चोळत राहिली. दोघींना याची इतकी सवय झाली होती की कोणी काही बोलायची गरज नव्हती.

"पोटात काही नाही, तरी येतंच," लमीस तोंड पुसत म्हणाली. "कुठून येतं कोण जाणे."

"तुझ्या त्या डॉक्टर मॅडमना फोन कर ना."

"बाबांनी बंद केलं. 'माझ्या मुलीला वेड लागलेलं नाही' म्हणाले." लमीस नळाखाली मनगटं धरून उभी राहिली. "मॅडम म्हणायच्या, भीती आली की चेंडूवरचे ते दोन पिवळे ठिपके शोधायचे. नुसते शोधायचे. तेवढ्यात भीती कंटाळून जाते."

"जाते?"

"कधी कधी." ती हसली. आणि मग, पाणी बंद करता करता, "मला हरायची भीती नाही वाटत गं. जिंकल्यावर बाबा लगेच पुढचं बोलायला लागतात. घाम वाळायच्या आत. त्याची वाटते."

इंजी खाली टाकलेली पिशवी उचलायला वाकली.

"काय म्हणाले बाबा?" लमीसने आरशातून विचारलं.

"काही नाही. जेवायला वाढलं."

"स्वतःच्या हाताने?"

"हो."

"मग नक्की काहीतरी मागितलं." लमीस वळली. "काय मागितलं?"

"अगं, काही नाही म्हटलं ना! चल, नाव पुकारतील."

लमीस चालू लागली. पण तिच्या कपाळावरची आठी तशीच राहिली.

*

काचेच्या कोर्टात उभं राहिलं की बाहेरची माणसं मत्स्यालयातल्या माशांसारखी दिसतात, तोंडं उघडतात, मिटतात, आवाज मात्र उशिरा येतो. पहिल्या रांगेत मुहाब काका, त्यांच्या एका बाजूला नाहेद आत्या, दुसऱ्या बाजूला आजोबा. आई त्या रांगेत बसलीच नाही. ती वरच्या पायरीवर एकटी. आणि बाबा मधल्या वाटेत उभे, ना इकडे ना तिकडे.

पहिला गेम इंजीने सांगितल्याप्रमाणे खेळला. लांब, मागे, सरळ. लांब, मागे, सरळ. संधी आली की हात आपोआप हळू व्हायचा आणि ती त्याला बळेच जोर लावायला लावायची. हात बिचारा गोंधळून गेला. लमीस तो गेम आरामात जिंकली आणि काकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की आत्याच्या हातातल्या बिया उडाल्या.

दुसऱ्या गेममध्ये एक चेंडू आला. असा चेंडू की आंधळ्यानेही पुढच्या कोपऱ्यात टाकला असता. लमीस मागे अडकली होती, पुढे अख्खं कोर्ट मोकळं होतं. इंजीने तो उचलला आणि अलगद लमीसच्याच रॅकेटवर नेऊन दिला, ताटात वाढल्यासारखा.

लमीसने तो मारला, गुण घेतला आणि जागच्या जागी थांबली. तिने काचेतून आपल्या बापाकडे पाहिलं. मग इंजीकडे. कपाळावरची आठी सुटली. तिला उत्तर सापडलं होतं.

पुढच्या खेळीत लमीसने एक चेंडू जमिनीपासून हातभर वर असताना व्यवस्थित उचलला, आणि हात वर केला.

"दोन टप्पे," ती म्हणाली.

स्क्वॉशमध्ये पंच असतो, पण चेंडू दुसऱ्यांदा जमिनीला लागल्यावर उचलला गेला तर ते ज्याचं त्याने सांगायचं. पंचाला दिसो न दिसो. या घरात तर फिक्री आजोबांनी नातींना रॅकेट धरायच्या आधी हात वर करायला शिकवलं होतं.

पंच बाई खुर्चीवरून पुढे वाकल्या. "खात्री आहे? मला एकच दिसला."

"खात्री आहे."

गुण इंजीला. इंजी बघतच राहिली. एकच टप्पा होता! चांगला ठणठणीत एक! तिने रागाने पुढची सर्व्हिस समोरच्या भिंतीच्या तळाशी असलेल्या पत्र्यावर मारली, जिथे लागलेला चेंडू बाद होतो; 'ढँग' असा आवाज झाला, गुण परत लमीसला. लमीसने लगेच पुढचा चेंडू छतालाच धाडला. इंजीने पत्र्यावर. लमीसने हात वर केला, "दोन टप्पे." इंजी चेंडूच्या बाजूने धावली आणि पोहोचलीच नाही. लमीसने पुन्हा हात वर केला.

प्रेक्षकांत कोणीतरी हसलं. "अरे, या दोघींना कोणीतरी सांगा, जास्त गुणवाला जिंकतो!"

काका काचेवर तळहात आपटत होते. आजोबा उभे राहिले होते आणि कानातलं यंत्र चाचपत होते, जणू बिघाड त्यात आहे. दोन बहिणी घाम गाळत, जीव तोडून हरत होत्या, आणि इंजीला जन्मात इतकी भीती वाटली नव्हती, कारण आता हे कसं थांबवायचं ते तिला कळेना. शेवटी या भलत्या शर्यतीत लमीस सरस ठरली. दुसरा गेम इंजीला जिंकावा लागला.

गेम संपला की खेळाडू बाहेर येतात आणि घरचे त्यांच्यावर तुटून पडतात. मुहाब काका टॉवेल घेऊन तयारच होते. लमीस त्यांच्या हाताखालून निघाली आणि सरळ इंजीच्या बाकावर येऊन बसली.

"हे काय चाललंय तुझं?" इंजी कुजबुजली.

"तुझं चाललंय तेच. तू गुपचूप करतेस, मी हात वर करून करते."

"तू खोटं बोलतेयस! हात वर करून खोटं! आजोबा बघतायत!"

"आणि तू न बोलता खोटं बोलतेयस. त्याने आजोबांना बरं वाटत असेल, नाही?"

"मी... अगं, तुझं शेवटचं वर्ष आहे म्हणून..."

"म्हणून तू मला वाढणार?" लमीसने रॅकेट बाकावर आपटली. "ऐक. मी मघाशी जी ओकले ना, ती या सामन्यासाठी ओकले. निदान सामना तरी खरा असू दे!"

इंजीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने घामात मिसळून टाकलं.

"मी ते पुढचे चेंडू टाकणार," ती म्हणाली. "मग रडू नकोस."

"टाक की. सगळे पोचतात मला."

"हो? बघू."

बाबा तोवर जवळ येऊन उभे राहिले होते. किती ऐकलं कोण जाणे. त्यांच्या मागे काका दात आवळून म्हणत होते, "वगदी, सांग तिला. वगदी!" बाबांनी इंजीचा ओला टॉवेल घेतला, कोरडा दिला आणि मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, ते इंजीला कळलं नाही. तिने विचारलंही नाही.

*

पुढचे गेम कसे गेले हे इंजीला नंतर नीट आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच, की हात तिला परत मिळाला. पहिला चेंडू कोपऱ्यात टाकला तेव्हा तो भिंतीला चिकटून खाली घरंगळला आणि वरच्या पायरीवरून आई "माशाल्लाह!" असं किंचाळली. लमीस सगळे उचलू शकली नाही, पण पुष्कळ उचलले. ती सर्व्हिसआधी चेंडू डोळ्यांसमोर धरून बघायची, ठिपके शोधायची, मग मारायची. एक गेम हिचा, एक तिचा. पाचवा. हसणारे प्रेक्षक केव्हाच गप्प झाले होते. बाहेर झाडूवाली छतावर धडका देत होती.

लमीस दहा, इंजी नऊ. एक गुण आणि सामना लमीसचा.

लांब खेळी झाली. मग लमीसने, इंजीचाच फटका चोरून, चेंडू पुढच्या कोपऱ्यात टाकला. इंजी धावली, पाय पसरून जवळजवळ जमिनीवर लोटली, रॅकेटचं टोक चेंडूखाली घुसवलं. चेंडू उडाला, भिंतीला लागला, लमीसच्या डोक्यावरून मागे जाऊन मेला.

"दहा-दहा!" पंच बाई ओरडल्या. लोक उभे राहिले. आई नाचत होती. बाबा, हो, बाबांनीसुद्धा दोन्ही मुठी वर फेकल्या होत्या!

इंजी जमिनीवरच बसून होती. रॅकेट चेंडूला लागायच्या आधी, केसभर आधी, चेंडू लाकडाला दुसऱ्यांदा शिवला होता. आवाज झाला नव्हता. पण फळीतून ती टिचकी तिच्या बोटांत आली होती, स्पष्ट.

कोणालाच दिसलं नव्हतं. लमीसलाही नाही, ती मागे होती. हात वर केला तर सामना जाईल, संघातली जागा जाईल आणि जगात कोणीही विश्वास ठेवणार नाही. सगळे म्हणतील, दिला. शेवटी काकांना दिलेला शब्द पाळला. आणि नाही केला तर? तर कोणालाच काही कळणार नाही. तिच्याशिवाय.

आयुष्यात इतका जड हात तिने कधी उचलला नव्हता.

"दोन टप्पे," ती म्हणाली.

लमीस तीरासारखी तिच्या अंगावर आली. "पुन्हा सुरू केलंस? पुन्हा?"

"नाही गं. खरंच दोन."

"इंजी, मी मारेन तुला!"

"मार. पण दोनच होते. तू म्हणशील ती शपथ घेते. लागले मला बोटांना."

लमीस तिच्या तोंडाकडे बघत राहिली, ते पिवळे ठिपके शोधायची तसं. मग हात पुढे करून तिने इंजीला उठवलं. दोघींचे तळहात इतके ओले होते की पकड दोनदा सुटली.

"ठीक आहे," लमीस म्हणाली.

दार उघडताच काका आले. लमीसकडे नाही, आधी इंजीकडे. तिला छातीशी धरून कानात म्हणाले, "शब्दाला जागलीस. आणि काय बेमालूम केलंस गं! कोणाला संशय नाही येणार."

"काका, मी हरले. खरीखुरी हरले."

"हो हो, असंच सांगायचं." त्यांनी डोळा मारला.

"आई, खरंच दोन टप्पे होते!"

"हो गं बाळा," आई म्हणाली. तापात बडबडणाऱ्या पोराला म्हणतात ना, तसं. आणि बाबांनी तर वरच पाहिलं नाही. "निदान शेवटचा तरी नको होता सोडायला," एवढंच पुटपुटले. "एवढं खेळलीस..."

इंजीने आजोबांकडे पाहिलं. ते पंच बाईंना काहीतरी विचारत होते, बहुधा टप्पे खरंच दोन होते का, हेच.

लमीस काचेच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. गळ्यात टॉवेल, गाल लालबुंद, आणि आज पहिल्यांदाच सामन्यानंतर तिचा चेहरा पांढरा पडलेला नव्हता.

"बाबा, मी जिंकले," ती म्हणाली.

"जिंकलीसच की, माझी वाघीण! आता संघात गेल्यावर पहिल्यांदा..."

"थांबा. पुढचं नको." तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "मी जिंकले. इंजीने दिलं नाही, मी घेतलं. असं म्हणा."

"अगं, म्हणायचं काय त्यात?"

"मला ऐकायचंय. एकदाच. म्हणा, लमीस, तू जिंकलीस."

काका हसले. मग हसायचं थांबले. काकांनी तोंड उघडलं, ते म्हणणारच होते.

पण त्याआधी त्यांनी इंजीकडे पाहिलं. खरंच का, असं विचारल्यासारखं.

आणि लमीसने ते पाहिलं.